तिसरी तार

आमच्या सासूबाईंची सकाळ इस्त्रीने सुरू होते. वय वर्षे ८१, मधुमेह जुना, गुडघे कुरकुरणारे; तरी स्नान आटोपले की सुती पातळ उलगडायचे, वाटीतले पाणी बोटांनी त्यावर शिंपडायचे आणि जमिनीवर घोंगडी अंथरून ते स्वतःच्या हातांनी कडक करायचे, हा नेम त्यांनी मोडलेला नाही. दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात त्यांची जुनी, वजनदार इस्त्री तापेनाशी झाली. नवी आणावी, असे घरातल्या सगळ्यांचे मत पडले. "नव्या इस्त्रीला वजन नसतं, तिने पातळ नुसतं कोमट होतं," असे म्हणून सासूबाईंनी ते मत निकालात काढले. मी नुकतीच शाळेतून निवृत्त झाले होते. हाताशी वेळ होता आणि तीस वर्षे विज्ञान शिकवल्याचा थोडा ताठाही होता. मी इस्त्री उघडली.

दोष सापडायला वेळ लागला नाही. वायर जिथे इस्त्रीत शिरते त्या मानेपाशी रोजच्या वळण्याने आतली तांब्याची तार तुटली होती. नवी वायर आणून तपकिरी आणि निळी तार जागच्या जागी बसवली. तिसरी, हिरवी तार ज्या स्क्रूला जोडायची तो मात्र गंजून घट्ट बसला होता. फिरवायला गेले तर त्याचे डोकेच झिजले. थोडा वेळ झटापट केली, मग ती तार आखूड कापली, टोकाला चिकटपट्टी गुंडाळली, आत दडवली आणि झाकण लावून टाकले. बटण दाबले, लाल दिवा लागला, तळ तापला. त्या संध्याकाळी मी ही गोष्ट फोनवरून किमान चौघींना सांगितली.

तीन-चार दिवसांनी सासूबाई म्हणाल्या, "अगं, इस्त्री चावते जराशी." मी म्हटले, "आई, साखरेमुळे बोटांना मुंग्या येत असतील तुमच्या." मधुमेहात मज्जातंतूंना इजा होऊन हातापायांना मुंग्या येतात, मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेणाऱ्यांत बी-१२ जीवनसत्त्व कमी होऊन तसेच घडू शकते, हे सारे मला ठाऊक होते, आणि नेमके ते ठाऊक असणेच आडवे आले. डॉक्टरांना विचारायच्या प्रश्नांच्या कागदावर मी 'मुंग्या' असे लिहूनही ठेवले.

आठवड्याने पंख्याच्या कामासाठी आमचे नेहमीचे वायरमन काका आले. सासूबाईंनी त्यांच्याकडे परस्पर गाऱ्हाणे घातले. काकांनी इस्त्री चालू करून तिच्या धातूच्या कडेला टेस्टर टेकवला. तो लागला. मग त्यांनी पिन काढली, झाकण उघडले आणि चिकटपट्टीत गुंडाळलेली हिरवी तार दोन बोटांत धरून माझ्यापुढे केली. "ताई, इस्त्री तुम्ही चालू केलीत. दुरुस्त नाही केलीत."

दहावीच्या वर्गात 'भूसंपर्कन' हा शब्द मी किती वेळा फळ्यावर लिहिला असेल, याचा हिशेब मी तेव्हा मनातल्या मनात केला.

न वापरली जाणारी तार

घरी उपकरणे दुरुस्त करू पाहणाऱ्या नवशिक्याची सर्वांत मोठी फसवणूक इथे होते. वीज एका तारेने येते, दुसरीने परतते. उपकरण चालायला एवढ्या दोन तारा पुरतात. उपकरणाच्या वायरमध्ये त्यांचे रंग तपकिरी आणि निळा, तर आपल्याकडच्या जुन्या घरांतल्या वायरिंगमध्ये बहुधा लाल आणि काळा. तिसरी हिरवी, किंवा हिरवी-पिवळी तार उपकरणाच्या धातूच्या अंगाला जोडलेली असते. पिनच्या लांब, जाड दांड्यातून ती भिंतीतल्या अर्थिंगला आणि तिथून जमिनीला भिडते. सारे सुरळीत असताना तिला जवळजवळ काहीच काम नसते. म्हणून ती तोडली तरी इस्त्री तापते, गीझर पाणी देतो, धुलाई यंत्र फिरते. काही बिघडल्याची एकही खूण दिसत नाही.

तिचे काम सुरू होते ते आतले वेष्टन झिजल्यावर किंवा ओल शिरल्यावर. इस्त्रीच्या तापणाऱ्या तारेभोवती अभ्रकाच्या पत्र्या असतात. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने त्या तडकतात, शिंपडलेले पाणी फटींतून आत जाते आणि वीज थोडी थोडी बाहेरच्या धातूवर पाझरू लागते. तिसरी तार शाबूत असेल तर त्या विजेला जमिनीकडे जायला सोपी वाट मिळते. ती नसेल, तर वीज वाट पाहत बसते; ओल्या हातांनी, जमिनीवर बसून पातळ इस्त्री करणाऱ्या एखाद्या माणसाची.

पिनचा तिसरा दांडा मुद्दाम लांब ठेवलेला असतो. पिन खोचताना अर्थिंग सर्वांत आधी जोडले जावे आणि काढताना सर्वांत शेवटी सुटावे, हा त्यामागचा हेतू. तो दांडा कापून तीन पिनांची वायर दोन भोकांच्या सॉकेटमध्ये बसवणारे महाभाग मी पाहिले आहेत. काही ठिकाणी तर अर्थिंग नाही म्हणून सॉकेटच्या आतच अर्थिंगचे टोक न्यूट्रलला जोडून देतात. हे अर्थिंग नसण्याहूनही वाईट. उद्या न्यूट्रलची तार कुठे तुटली, तर त्या उपकरणाच्या सबंध अंगावर २३० व्होल्ट येऊन उभे राहतात.

अर्थात, दोन पिनांचे प्रत्येक उपकरण सदोष नसते. मोबाइलचा चार्जर, काही मिक्सर, केस वाळवण्याचे यंत्र अशा वस्तूंना वेष्टनाचे दुहेरी कवच असते. त्यांच्या माहितीपट्टीवर एका चौकोनात दुसरा लहान चौकोन काढलेला दिसेल. ती खूण असेल तर तिसऱ्या तारेची गरज नाही.

शरीराचे गणित

अँपिअरचा हजारावा भाग म्हणजे मिलिअँपिअर. घरातल्या विजेचा एखादा मिलिअँपिअर अंगातून गेला की झिणझिणी जाणवते. सासूबाईंची इस्त्री 'चावत' होती ती एवढीच. दहाच्या आसपास स्नायू आखडतात आणि हातात धरलेली वस्तू सोडवत नाही. तिसाच्या पुढे श्वास आणि हृदय दोन्ही धोक्यात येतात. शंभराच्या घरातला प्रवाह छातीतून सेकंदभर वाहिला, तर हृदयाची लय विस्कटून ते नुसते थरथरत राहू शकते. त्या थरथरीत रक्त पुढे ढकलले जात नाही. तुलनेसाठी म्हणून सांगते, छतावरचा नऊ वॅटचा एलईडी दिवा निदान ४० मिलिअँपिअर घेतो.

कोरड्या, राठ तळहाताची त्वचा विजेला बराच अवरोध करते. तीच त्वचा भिजली की शरीराचा एकूण अवरोध हजार ओहमांच्या आसपास उतरू शकतो. २३० व्होल्टना १००० ओहमांनी भागले की येतात २३० मिलिअँपिअर. कालपर्यंत जी इस्त्री कोरड्या हाताला नुसती चावत होती, तिचे वेष्टन एखाद्या दमट सकाळी पुरते फुटले असते, तर हा आकडा आमच्या घरात अवतरला असता.

"पण आमच्याकडे एमसीबी आहे की!" असे पुष्कळ जण म्हणतात. एमसीबी किंवा जुना फ्यूज भिंतीतल्या वायरचे रक्षण करतो, माणसाचे नव्हे. सहा अँपिअरची एमसीबी सहा हजार मिलिअँपिअरपर्यंत निमूट बसून राहील. माणसाचा प्राण त्याच्या कितीतरी अलीकडे जातो. माणसासाठी असते ती आरसीसीबी. गेलेली वीज आणि परतलेली वीज यांत ३० मिलिअँपिअरचा फरक पडला, म्हणजेच तेवढी वीज कोणाच्या तरी अंगातून किंवा धातूतून जमिनीत गेली, तर ती क्षणार्धात पुरवठा तोडते. तिच्यावर चाचणीचे एक लहान बटण असते. महिन्यातून एकदा ते दाबून पाहावे. दाबल्यावर वीज गेली नाही, तर वायरमनला त्याच दिवशी बोलवावे. दुरुस्तीचा छंद लावून घेण्यापूर्वी घरात करण्याजोगा एकच खर्च कोणता, असे मला कोणी विचारले, तर मी हत्यारांच्या आधी आरसीसीबीचे नाव घेईन.

बाहेरून आत

त्या प्रसंगाने मी दुरुस्ती सोडली नाही. उलट काकांकडे रीतसर शिकू लागले. त्यांची पहिली शिकवण अशी की, उपकरण उघडणे ही शेवटची पायरी. आधी सॉकेट पाहायचे: तिथे दुसरे, चालू असल्याची खात्री असलेले उपकरण लावून बघायचे. मग पिन: काळवंडली आहे का, सैल आहे का, जळका वास येतो का. मग वायर, आणि तीही दोन्ही माना. पिनेपाशी आणि उपकरणापाशी. मग बटण. गेल्या दोन वर्षांत नातलगांनी आणि शेजाऱ्यांनी माझ्यापुढे आणून ठेवलेल्या 'बंद' वस्तूंतल्या निम्म्याहून अधिक इथपर्यंतच बऱ्या झाल्या.

मिक्सरचे उदाहरण घ्या. घट्ट चटणी वाटताना तो अचानक थांबला की मोटार जळाली असे समजून लोक दुकान गाठतात. पुष्कळ मिक्सरच्या बुडाशी एक लहान लाल बटण असते. भार जास्त झाला की ते बाहेर येते आणि मोटार वाचवते. पिन काढावी, भांडे उतरवावे, मोटार पाऊण तास थंड होऊ द्यावी आणि बटण आत दाबावे, एवढाच उपचार. मोटार घूं करते पण पाती फिरत नाहीत, तेव्हा बहुधा भांड्याखालचा रबरी किंवा प्लास्टिकचा कपलर झिजलेला असतो. ठिणग्या आणि जळका वास येऊ लागला तर कार्बन संपत आले आहेत असे समजावे. ही कामे नवशिक्याने जरूर करावीत. मात्र पाती असलेले भांडे यंत्रावर ठेवून तळाशी हात घालू नये, पिन काढलेली असली तरीही. ती सवयच नको.

पंखा हळू फिरू लागला की कंडेन्सर गेला, हे आता घरोघर ठाऊक आहे. साध्या छतपंख्याचा कंडेन्सर बहुधा अडीच मायक्रोफॅरडचा असतो. जुन्यावर छापलेलाच आकडा नव्यावर पाहून घ्यावा. मोठा बसवला की पंखा जोरात फिरेल, ही समजूत मोटार तापवते. नव्या, कमी वीज खाणाऱ्या बीएलडीसी पंख्यांना हा उपाय लागू नाही. पण आमच्या वयाच्या वाचकांना मी सांगेन की, पंख्याच्या दुरुस्तीत खरा धोका विजेइतकाच स्टुलाचा आहे. साठीनंतर मांडीचे हाड मोडणे म्हणजे काय, ते ज्या घराने भोगले आहे त्याला अधिक सांगायला नको. पंखा वायरमनकडे सोपवावा. मीही सोपवते.

दोन प्रश्न विचारणारे यंत्र

काही शे रुपयांत मिळणारा मल्टिमीटर हा नवशिक्याचा खरा सोबती. पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रस्त्यावर चक्कर मारली, तर तो निवडताना चार शहाणपणाच्या गोष्टीही ऐकायला मिळतात. मी तो एका कडक नियमाने वापरते: पिन भिंतीत असताना त्याला हात लावायचा नाही. मी मोजते ते फक्त सुटे, थंड पडलेले, वीज तोडलेले उपकरण.

मल्टिमीटर 'सलगता' तपासण्याच्या खुणेवर ठेवला आणि त्याची दोन टोके एकाच अखंड तारेला लावली, की तो शिटी वाजवतो. वायरच्या दोन टोकांना लावून ती हळूहळू वाकवत जावी. शिटी खंडित झाली, तिथे तार तुटलेली. तापणाऱ्या उपकरणाचा अवरोधही काढता येतो. हजार वॅटच्या इस्त्रीसाठी २३० गुणिले २३० भागिले १००० हे गणित केले की सुमारे ५३ ओहम येतात. पिनच्या दोन आखूड दांड्यांमध्ये, इस्त्रीचे बटण वा तापमानाची चकती चालूच्या बाजूला ठेवून, मीटरने पन्नाशीच्या आसपास आकडा दाखवला तर तापणारी तार शाबूत आहे. अनंत दाखवला तर कुठेतरी तुटले आहे. वर्गात हे सूत्र शिकवताना मुलांच्या डोळ्यांत जी चमक मी शोधत असे, ती स्वतःच्या डोळ्यांत आली ती इस्त्रीवर हे पहिल्यांदा करून पाहिले तेव्हा.

झाकण लावल्यावर, भिंतीत पिन घालण्यापूर्वी, मी आता प्रत्येक धातूच्या उपकरणाला दोन प्रश्न विचारते. मीटरचे एक टोक पिनच्या लांब दांड्याला आणि दुसरे उपकरणाच्या उघड्या धातूला. रंग लावलेल्या भागाला नव्हे. शिटी वाजलीच पाहिजे. नंतर एक टोक तसेच धातूवर ठेवून दुसरे दोन्ही आखूड दांड्यांना आळीपाळीने. शिटी वाजता कामा नये. पहिल्या प्रश्नाला शिटी आली नाही किंवा दुसऱ्याला आली, तर उपकरण भिंतीपर्यंत जात नाही.

तरीही ही परीक्षा अपुरी आहे, आणि हे मला सासूबाईंच्या इस्त्रीनेच शिकवले. हिरवी तार नव्या स्क्रूने जोडल्यावर मी मोठ्या ऐटीत काकांना दुसरा प्रश्न विचारून दाखवला. मीटर गप्प राहिला. काकांनी पिशवीतून मेगर काढला. मल्टिमीटर तपासणीसाठी अवघे काही व्होल्ट वापरतो, मेगर ५०० व्होल्टचा दाब देऊन वेष्टनाचे पाणी जोखतो. मेगरचा काटा बराच खाली आला. मल्टिमीटरला निर्दोष वाटलेले वेष्टन प्रत्यक्षात पाझरत होते. इस्त्रीचे एलिमेंटच बदलावे लागले. ते काम काकांनी केले, मी शेजारी बसून पाहिले.

काकांनी त्या दिवशी आणखी एक गोष्ट तपासली, जी माझ्या स्वप्नातही आली नव्हती: भिंतीतले तिसरे भोक. आमची इमारत जुनी. ज्या सॉकेटला इस्त्री लागत असे त्याच्या तिसऱ्या भोकामागे तारच नव्हती. म्हणजे मी हिरवी तार नीट जोडली असती तरी ती कोठेही पोहोचत नव्हती! पुढे सोसायटीच्या सभेत हा विषय निघाला. इमारतीच्या अर्थिंगचा खड्डा वर्षानुवर्षे कोणी पाहिलाच नव्हता. मीठ-कोळसा घालून तो नव्याने करून घेतला आणि घराघरांत आरसीसीबी बसल्या. नाकाने श्वास घेण्याइतकी साधी गोष्ट, पण तिच्यासाठी तीन सभा झाल्या. तुमचे घर जुने असेल तर आपल्या प्रत्येक सॉकेटचे तिसरे भोक खरेच जमिनीला भिडते का, हे वायरमनकडून एकदा तपासून घ्या. ते काम स्वतः करू नका.

जे उघडायचे नाही

छंद वाढला की धीटपणा वाढतो, आणि धीटपणाला कुंपण लागते. माझ्या कुंपणाबाहेरची पहिली वस्तू मायक्रोवेव्ह. त्यातल्या ट्रान्सफॉर्मरमधून सुमारे दोन हजार व्होल्ट निघतात आणि शेजारचा कंडेन्सर पिन काढल्यावरही तो भार धरून ठेवू शकतो. 'पिन काढली आहे' हे नवशिक्याचे एकमेव कवच तिथे निकामी ठरते. जुना, काचेच्या नळीचा दूरदर्शन संच कोणाच्या माळ्यावर असेल, तर तोही तसाच. नळीवरचा दाब वीस हजार व्होल्टच्या पुढचा. दूरदर्शनच्या नव्या संचांत, संगणकाच्या वीजपुरवठ्यात, मोठ्या चार्जरांत भिंतीतली वीज आधी सुमारे ३२५ व्होल्टच्या एकदिश विजेत बदलते आणि एका जाड कंडेन्सरमध्ये साठते. तिथेही हात घालू नये. गीझरमध्ये पाणी आणि वीज एकत्र नांदतात, शिवाय टाकीत दाब असतो. नव्या शीतकपाटांत ज्वालाग्राही वायू भरलेला असू शकतो. आणि फुगलेली मोबाइलची बॅटरी: ती दाबू नये, टोचू नये, चार्ज करू नये. धातूच्या कोरड्या डब्यात, घरापासून थोडी दूर ठेवून ती ई-कचरा संकलन केंद्राकडे द्यावी.

या यादीने निराश होऊ नये. रिमोट, विजेरी, भिंतीवरचे घड्याळ, दाराची बिनतारी घंटा, मुलांची खेळणी ही सेलवर चालणारी गरीब मंडळी शिकण्यासाठी उत्तम. सेलच्या डब्यात पांढरा थर दिसला तर अल्कली सेलमधून दाहक क्षार पाझरलेला असतो. हातमोजे आणि चष्मा घालून, व्हिनेगरमध्ये बुडवलेल्या कापसाने तो पुसावा, मग कोरडे करावे.

एका वस्तूबाबत मात्र फार सावध राहावे: नाण्यासारखे चपटे बटण-सेल. लहान मुलाने असा सेल गिळला आणि तो अन्ननलिकेत अडकला, तर लाळेच्या संपर्काने तिथे दाहक क्षार तयार होतो आणि दोन तासांतही गंभीर भाजणे होऊ शकते. मूल हसत-खेळत असले तरी वाट पाहू नये, उलटी करवू नये. थेट रुग्णालय गाठावे आणि सेल गिळल्याचा संशय पहिल्याच वाक्यात सांगावा. दुरुस्तीच्या मेजावरून काढलेले जुने सेल मी झाकणाच्या बरणीत टाकते आणि बरणी फडताळात वर ठेवते.

तारा जोडण्यासाठी डाख देण्याची वेळ येते तेव्हा आणखी एक पथ्य. प्रचलित डाखमिश्रणात कथलाबरोबर शिसेही असते. धुरात प्रामुख्याने फ्लक्सची राळ जळते, आणि ती दमेकऱ्याला झोंबते. म्हणून खिडकी उघडी, मेज स्वयंपाकघरापासून दूर, गरोदर स्त्रिया आणि लहान मुले खोलीबाहेर, मध्ये चहा-बिस्किटे नाहीत, आणि काम संपल्यावर हात साबणाने स्वच्छ. हात भाजला तर वीस मिनिटे नळाच्या साध्या वाहत्या पाण्याखाली धरावा. बर्फ, टूथपेस्ट, हळद यांपैकी काही लावू नये.

धक्का बसलाच तर

विजेला चिकटलेल्या माणसाला ओढू जाणे ही आपली सहज प्रवृत्ती. त्याने एकाचे दोन होतात. आधी मेन स्विच बंद करावा. तो कोठे आहे हे घरातल्या शाळकरी मुलापासून आजोबांपर्यंत प्रत्येकाला अंधारातही सापडले पाहिजे. ते शक्य नसेल तर स्वतः कोरड्या, विजेला दाद न देणाऱ्या वस्तूवर उभे राहून कोरड्या लाकडी काठीने वायर किंवा उपकरण दूर ढकलावे.

माणूस सुटल्यावर त्याला हाक मारून पाहावे. प्रतिसाद नाही आणि श्वास नीट चालत नाही, असे दिसले तर एकाने १०८ किंवा ११२ ला फोन करावा, दुसऱ्याने लगेच छातीवर दाब देणे सुरू करावे: छातीच्या मधोमध तळहाताची टाच, तिच्यावर दुसरा हात, कोपरे ताठ, प्रौढ माणसाची छाती निदान पाच सेंटिमीटर खाली जाईल असा दाब, मिनिटाला १०० ते १२० या गतीने. रुग्णवाहिका येईपर्यंत थांबू नये. थकल्यास माणूस बदलावा. विजेने विस्कटलेले हृदय वेळेवर मदत मिळाली तर पुन्हा लयीत येऊ शकते, म्हणून ही मिनिटे मोलाची.

धक्का बसून माणूस उठून बसला, पाणी प्यायला, हसला, म्हणजे सारे ठीक, असेही नसते. क्षणभर शुद्ध गेली असेल, छातीत धडधड किंवा दुखणे असेल, त्वचेवर भाजल्याची खूण असेल, वीज एका हातातून दुसऱ्या हातात वा पायात गेली असेल, हृदयविकार असेल किंवा स्त्री गरोदर असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जाऊन ईसीजी काढून घ्यावा. वीज त्वचेवर लहानसा डाग ठेवून आत खोलवर इजा करू शकते.

आणि घरातले म्हातारे माणूस एखादी वस्तू 'चावते' म्हणाले, तर त्याच्या साखरेचा विचार नंतर करावा. आधी पिन काढावी.

माझे मेज आता गॅलरीत आहे. दुपारी दोन ते चार मी तिथे असते. फोन आत ठेवते. एखाद्या रिमोटची किंवा घड्याळाची गाठ उकलताना डोके जेवढे शांत होते, तेवढे ते औषधाने होत नाही, असे माझे मत आहे. ते केवळ मत आहे, त्याला पुरावा मागू नये. इस्त्री अजून चालते. मी कोणतीही वस्तू बरी करून आत नेली, की सासूबाई जपमाळ खाली ठेवतात आणि चष्म्यावरून पाहत विचारतात, "हिरवी जोडलीस ना गं?" परवा मी त्यांच्या हातात भिंतीवरचे घड्याळ ठेवले, तेव्हाही त्यांनी तेच विचारले.